वाचकांचे प्रश्न : मुले, झाडे आणि मोकळा वेळ

प्रश्न : आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. मोबाईलपासून थोडा दूर राहावा म्हणून आम्ही दोघे त्याला दर रविवारी बागेत नेतो. परंतु दहा मिनिटांतच तो ‘कंटाळा आला’ म्हणतो, समजावू लागलो की चिडतो आणि परतताना तिघांचीही तोंडे उतरलेली असतात. निसर्गात मुले शांत होतात असे वाचले होते, मग आमच्याकडे उलटे का होते? एवढा आटापिटा करण्यापेक्षा त्याला घरीच खेळू द्यावे का? — एक आई

उत्तर : आटापिटा अवश्य कमी करावा, बाहेर जाणे मात्र सोडू नये. गणित सोडवताना किंवा फळ्यावरचे उतरवून घेताना मूल प्रयत्नपूर्वक लक्ष देत असते आणि हे लक्ष थकते. ते थकले की चिडचिड, हट्ट आणि विसराळूपणा वाढतो. याउलट हलणारी पाने, वाहते पाणी किंवा मुंग्यांची रांग यांकडे लक्ष आपोआप जाते आणि तेवढ्या वेळात प्रयत्नाच्या लक्षाला विसावा मिळतो. मिशिगन विद्यापीठातील रेचेल आणि स्टीफन कॅपलान या दांपत्याने १९८९ मध्ये हा विचार सविस्तर मांडला. पुढे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, लक्ष केंद्रित करण्यात मुळातच अडचण असणाऱ्या ७ ते १२ वर्षांच्या मुलांना एकदा बागेत, एकदा शहराच्या मध्यभागी आणि एकदा निवासी वस्तीत २० मिनिटे चालवले गेले, तेव्हा बागेतील फेरीनंतर त्यांची एकाग्रता सर्वांत चांगली आढळली. मुले अवघी सतरा होती, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करणे योग्य नाही. पण हा परिणाम कसा घडत असावा, हे त्यातून समजते.

आता तुमचा रविवार आठवून पाहा. ‘हे झाड कोणते सांग’, ‘पळू नकोस’, ‘हात लावू नकोस’, ‘चल, पुढे अजून बघायचे आहे’ असे आपण बोलत राहिलो, तर ज्या लक्षाला विश्रांती द्यायची तेच पुन्हा कामाला जुंपले जाते. मुलाला ती बाग म्हणजे छत नसलेला वर्गच वाटू लागतो. कंटाळ्याला तर मुळीच घाबरू नये. पडद्यावर क्षणाक्षणाला काहीतरी बदलत असते, त्या वेगाची सवय झालेल्या मनाला झाडाखालची संथ हालचाल दिसू लागायला वेळ लागतो, आणि बहुतेक पालक नेमके त्याच टप्प्यावर उठून घरी निघतात. त्या वेळी काही न सुचवता शेजारी बसून राहावे.

शक्यतो दर वेळी त्याच जागी जावे. नव्या ठिकाणचे आकर्षण मोठ्यांना अधिक असते. मुलाला मात्र मागच्या खेपेला पाहिलेले घरटे अजून तिथेच आहे का, हे पाहायचे असते. तो मुंग्यांजवळ अर्धा तास रमला, तर तो अर्धा तास वाया गेला असे मानू नये. तुम्हा दोघांचे फोनही पिशवीतच राहू द्या, कारण थकलेले लक्ष केवळ मुलाचे नसते. आईवडिलांचे मन थोडे निवले की त्यांच्या आवाजातली घाई जाते, आणि माझ्या मते कुटुंबाला होणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. समोरासमोर बसवून विचारल्यावर जे मूल गप्प राहते, तेच शेजारून चालताना, एकाच पाखराकडे पाहताना, शाळेतली सलणारी गोष्ट सहज सांगून जाते.

प्रश्न : आम्हा दोघांनाही चष्मा आहे. सहा वर्षांच्या मुलीला तो लागू नये यासाठी बाहेर खेळण्याचा खरोखर उपयोग होतो का? — एक वडील

उत्तर : होतो, आणि याचा पुरावा चांगला आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेच्या रोजच्या वेळापत्रकात ४० मिनिटे अधिक बाहेर ठेवले गेले. तीन वर्षांनंतर त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांमध्ये लांबचे अंधूक दिसण्याचा दोष नव्याने आढळला, तर नेहमीच्या वेळापत्रकातील मुलांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होते. ही माहिती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. नेत्रगोल गरजेपेक्षा लांबट झाला की लांबचे अंधूक दिसते; बाहेरच्या भरपूर उजेडाने दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यात, डोपामाइन हे रसायन अधिक स्रवते आणि या लांबट होण्याला आळा बसतो, असे याचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. घरातला उजेड साधारणपणे काहीशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो. बाहेर दिवसा तो दहा हजारांच्याही पुढे जातो. झाडाच्या सावलीतही तो खोलीतल्यापेक्षा बराच अधिक असल्याने मुलीला भर उन्हात उभे करण्याची गरज नाही. तिने खेळावे, चालावे किंवा नुसते बसावे.

एवढे मात्र ध्यानात ठेवावे की हा उपाय दोष उद्भवू नये यासाठी अधिक उपयोगी आहे. आधीच लागलेला नंबर त्याने उतरत नाही. आईवडील दोघांनाही चष्मा असल्यास मुलीला तो लागण्याची शक्यता वाढते. म्हणून ती कितीही वेळ बाहेर खेळत असली, तरी तिचे डोळे दरवर्षी तपासून घ्यावेत.