वाचकांचे प्रश्न : ग्रीकांची अग्निनौका

प्रश्न : ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात लहान ग्रीक जहाजांनी प्रचंड तुर्की युद्धनौका कशा जाळल्या?

उत्तर : अग्निनौकांनी. जुनं गलबत घ्यायचं, त्यात डांबर, राळ, गंधक नि बंदुकीची दारू भरायची. वारा पाठीशी घेऊन शत्रूच्या जहाजावर नेऊन ते आकड्यांनी घट्ट अडकवायचं, वात पेटवायची आणि मागे बांधलेल्या होडीत उतरून निसटायचं. खरी कसोटी अडकवण्यात! जून १८२२ मध्ये खिओस बेटाजवळ कानारिस या ग्रीक खलाशाने नौकेचा पुढचा दांडा तुर्की सरनौकेच्या (आरमारप्रमुखाच्या जहाजाच्या) तोफेच्या खिडकीतच घुसवला. सरनौका स्फोटाने उडाली, कपुदान पाशा (तुर्की आरमारप्रमुख) कारा अली मारला गेला. त्याच रात्री त्याचा साथीदार पिपिनोस याची अग्निनौका दुसऱ्या तुर्की जहाजाला नीट अडकली नाही, सुटून वाहत गेली. वारा पडला, तरी सगळं फुकट. या ग्रीक खलाशांचं हे धाडस थक्क करणारं आहे.