डब्लिनला येतेयस, तर आधी या बायकांना वाच

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सप्टेंबरमध्ये पुण्याहून डब्लिनला येतेयस, आयरिश साहित्यातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी. आयरिश लेखिकांनी राजकीय इतिहास कसा लिहिला हा प्रबंधाचा विषयही जवळजवळ ठरलाय. येण्याआधी काय वाचू, सोबत पुस्तकं किती आणू आणि तिथल्या माणसांशी या विषयावर बोलता येतं का, असं विचारलंयस. माझ्या भाचीच्या वयाची दिसतेस, म्हणून अगं-तुगं करते.

मी प्राध्यापक नाही. मूळची साताऱ्याची, तेरा वर्षं इथं क्लेअर काउंटीत राहते आणि वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये काम करते. वाचनाची आवड आईकडून आली. ज्या काळाबद्दल ही पुस्तकं आहेत, त्या काळात तरुण असलेल्या बायकांचे केस मी रोज सकाळी विंचरते. त्यामुळे सांगण्यासारखं बरंच आहे.

पुस्तकं आणू नकोस. इथं सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व फुकट आहे, २०१९ पासून उशिराचा दंडही नाही, आणि दुसऱ्या काउंटीतलं पुस्तक मागवलं तर ते तुझ्या जवळच्या शाखेत येतं. पत्त्याचा पुरावा मिळाला की पहिल्याच आठवड्यात नाव नोंदव. बॅगेतली ती जागा गोडा मसाला आणि गरम कपड्यांना दे. खोली मात्र आतापासूनच शोधायला लाग, आणि प्रत्यक्ष किंवा ओळखीच्या माणसाकरवी पाहिल्याशिवाय एक युरोही अनामत पाठवू नकोस. माझे पहिल्या वर्षी असेच साडेचारशे युरो गेले. घर होतं, फोटो खरे होते, फक्त ते भाड्याने द्यायचं नव्हतं.

आता वाचनाचं. बहुतेक जण ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावापासून सुरुवात करतात. तू १९०२ पासून कर. त्या वर्षी एप्रिलमध्ये डब्लिनला 'कॅथलीन नी हूलिहान' हे छोटं नाटक झालं. १७९८ सालचं एक शेतकऱ्याचं घर, थोरल्या मुलाचं दुसऱ्या दिवशी लग्न, आणि दारात एक म्हातारी येते. माझी चार हिरवी शेतं परक्यांनी घेतली म्हणते. मुलगा लग्न टाकून तिच्यामागे जातो, आणि ती म्हातारी राणीच्या चालीने चालणारी तरुणी होते. ती म्हातारी म्हणजे आयर्लंड. भारतमातेची चित्रं बघत मोठे झालेल्या आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हे नाटक कितीतरी वर्षं कवी येट्स यांच्या एकट्याच्या नावावर होतं. त्यातले बरेचसे संवाद त्यांच्या सहलेखिका लेडी ग्रेगरींनी लिहिले होते, आणि हस्तलिखिताच्या सुरुवातीच्या भागावर हे सगळं माझं एकटीचं असल्याची नोंद त्यांनी पेन्सिलीने करून ठेवली आहे. तुझ्या प्रबंधाचं बीज मला याच नोंदीत दिसतं. देशाला बाईचं रूप दिलं, ते लिहिलं बाईनेच, आणि नाव मात्र राहिलं नाही.

याला सगळ्यात नेमकं उत्तर दिलं ईव्हन बोलंड यांनी. त्यांच्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मला इथं रुजवलं ते त्यांच्या कवितांनी. ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना त्या पश्चिमेकडच्या अकिल बेटावर एका मित्राच्या झोपडीवजा घरात राहायला गेल्या. सोबत अभ्यासाला इंग्लंडच्या दरबारी कवींचं पुस्तक. संध्याकाळी तिथली देखभाल करणारी एक बाई टेकडी चढून पाण्याची बादली घेऊन यायची. तिने या शहरी मुलीला दुष्काळाबद्दल सांगितलं, तिथली माणसं कशी होती ते सांगितलं. मुलीने ऐकलं, आत गेली आणि पुन्हा दरबारी कवी पाठ करू लागली. आपण काय ऐकलं हे बोलंडना कळायला बरीच वर्षं जावी लागली, आणि मग 'अकिल वुमन' ही कविता आली. बादलीच्या काठावर वाजणारी कडी, कमरेला गुंडाळलेलं टॉवेलचं फडकं, संध्याकाळची हवा, एवढंच त्यात आहे. वीरांगना नाही, राणीची चाल नाही, पाणी वाहणारी बाई आहे. राष्ट्राच्या कवितेत बाई प्रतीक म्हणून इतकी भरलेली असते की खऱ्या बाईला आत पाय ठेवायला जागा उरत नाही, हे बोलंड यांचं म्हणणं. 'आउटसाइड हिस्टरी' हा त्यांचा संग्रह १९९० चा, आणि 'ऑब्जेक्ट लेसन्स' हे गद्य १९९५ चं. गद्य आधी वाच.

त्यांची 'क्वारंटाइन' ही कविता तर येण्याआधी वाचच. १८४५ ते १८४९ च्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली, हे तुला आकड्यांत माहीत असेल. कवितेत फक्त एक जोडपं आहे. १८४७ च्या हिवाळ्यात ते निराधार गरिबांसाठीच्या सरकारी वर्कहाउसमधून बाहेर पडतं. ती तापाने फणफणलेली, चालवत नाही, म्हणून तो तिला उचलून घेतो. सकाळी दोघं मेलेली सापडतात, आणि तिची पावलं त्याच्या छातीच्या हाडाला टेकलेली असतात. शेवटची ऊब त्याने तिच्या पावलांना दिली. इथं एखाद्या माळावर गवताखाली हरवलेली, कुठेच न जाणारी वाट दिसली, की ती बहुधा त्याच काळातली असते. भुकेल्या माणसांना तुटपुंज्या मजुरीवर असले रस्ते बांधायला लावत, आणि माणसं कोसळली तिथं रस्ता संपे. नकाशात हा रस्ता येत नाही, यावरही बोलंड यांची एक कविता आहे.

याच ट्रिनिटीने २०२४ मध्ये आपल्या एका ग्रंथालयाला बोलंड यांचं नाव द्यायचं ठरवलं. आधीचं नाव तत्त्वज्ञ बर्कली यांचं होतं. त्यांनी गुलाम बाळगले होते म्हणून ते काढलं. पहिल्या दिवशी तिथं गेलीस की जरा वेळ दाराशी उभी राहा.

हे सहजासहजी झालेलं नाही. १९९१ मध्ये 'फील्ड डे' हा आयरिश लेखनाचा प्रचंड तीन खंडी संग्रह आला, आणि त्यात लेखिका इतक्या थोड्या होत्या की मोठा वाद पेटला. शेवटी २००२ मध्ये चौथा आणि पाचवा खंड फक्त स्त्रियांच्या लेखनासाठी काढावे लागले. हे दोन खंड तुझी खाण आहेत. आणि २०१५ मध्ये अ‍ॅबी थिएटरने, म्हणजे लेडी ग्रेगरी ज्याच्या संस्थापकांपैकी एक होत्या त्याच नाट्यगृहाने, उठावाच्या शताब्दीसाठी दहा नाटकं जाहीर केली, त्यातलं बाईने लिहिलेलं एक. त्यावर नाट्यक्षेत्रातल्या बायका उठल्या, 'वेकिंग द फेमिनिस्ट्स' ही चळवळ उभी राहिली आणि नाट्यगृहाला धोरण बदलावं लागलं. किलमेनहॅमचा तुरुंग बघायला जाशीलच (तिकीट आधी ऑनलाइन काढ, आयत्या वेळी मिळत नाही). १९१६ मध्ये चौदा पुरुषांना जिथं गोळ्या घातल्या ते अंगण तिथं दाखवतात. तिथल्या कोठड्यांत १९२२-२३ च्या यादवी युद्धाच्या वेळी शेकडो स्त्रियाही होत्या, आणि त्यांतल्या एकीने, डोरोथी मॅकार्डलने, कैदेत लिहिलेल्या भुताखेतांच्या गोष्टी १९२४ मध्ये छापल्या. त्या जरूर मिळव, फार कमी लोक वाचतात.

मारिया एजवर्थ आणि एलिझाबेथ बोवेन या कादंबरीकार तुझ्या अभ्यासक्रमात येतीलच, त्यांच्यावर मी वेळ घालवत नाही. बोवेन यांचं 'द लास्ट सप्टेंबर' वाचताना एवढंच लक्षात ठेव की ते १९२० च्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दल आहे आणि त्यात बहुतेक वेळ माणसं टेनिस खेळतात.

मग 'अ घोस्ट इन द थ्रोट'. लेखिका डिरिन नी ग्रीफा. (नावातलं 'नी' म्हणजे मुलगी. पुरुषांच्या आडनावाला 'ओ' लागतो तिथं बायकांच्या आयरिश नावात 'नी' येतं.) ही चार मुलांची आई, अंगावर पाजणारी, घरकामाची यादी खोडत-खोडत अठराव्या शतकातल्या एका बाईचा माग काढते. ती बाई आयलीन डव्ह. तिचा नवरा आर्ट ओ'लिअरी ऑस्ट्रियाच्या सैन्यातून परतलेला. त्या काळच्या कायद्याने कॅथलिक माणसाला पाच पौंडांपेक्षा महाग घोडा ठेवता येत नसे. घोडा विकायला आर्टने नकार दिला, आणि १७७३ च्या मे महिन्यात त्याला गोळी घातली. रिकामी घोडी घरी आली. आपल्या विलापगीतात आयलीन तीन उड्या मारते: एक उंबऱ्यावर, दुसरी फाटकाशी, तिसरी घोडीच्या पाठीवर. झुडपापाशी तो पडलेला, जवळ पाद्री नाही, बिशप नाही, एक म्हातारी फक्त, जिने आपली शाल त्याच्यावर टाकली. रक्त वाहत होतं, आणि आयलीन ते पुसत नाही, ओंजळीने पिते. हे गीत बायकांनी तोंडी जपलं आणि मग ते कागदावर आलं. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या अशाच गेल्या, लिहून घ्यायला कुणी बसलं नाही. म्हणून हे पुस्तक वाचताना मला दोनदा बाजूला ठेवावं लागलं. एक दमनकारी कायदा म्हणजे काय, हे मला त्या पाच पौंडांच्या घोड्याने जितकं कळलं तितकं कुठल्याच इतिहासाने कळलं नाही.

तुझा तिसरा प्रश्न, लोकांशी बोलता येतं का. येतं, पण विचारून नाही. क्लेअर कीगन यांची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' ही लहानशी कादंबरी तुला माहीत असेल. १९८५ चा नाताळ, कोळशाचा व्यापारी, आणि मठाच्या कोळशाच्या खोलीत कोंडलेली मुलगी. लग्नाआधी दिवस गेलेल्या, अनाथ किंवा नकोशा झालेल्या मुलींना जिथं बिनपगारी कपडे धुवायला ठेवत, ती मॅग्डलीन धुलाईघरं. शेवटचं १९९६ मध्ये बंद झालं, सरकारने माफी मागितली २०१३ मध्ये. मी ते पुस्तक कामावर मधल्या सुट्टीत वाचत होते. आमच्याकडच्या एका आजींनी मुखपृष्ठ पाहिलं, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी त्यांची चादर घालत होते. त्यांनी कड हातात धरली, इस्त्रीची घडी बोटाने दाबून सरळ केली आणि म्हणाल्या, "आमच्या हॉटेलच्या चादरी तिकडेच जायच्या. फार पांढऱ्या यायच्या." मग बराच वेळ गप्प. मग, "कोण धुतंय ते आम्हाला माहीत होतं." मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून पुढचं सांगितलं, ते त्यांचं आहे, इथं लिहिणार नाही.

त्या दिवसापासून मला वाटतं की इथल्या लेखिकांनी इतिहास स्वयंपाकघरात, मठात, चादरीच्या घडीत नेला तो काही मोठ्या विषयाला टाळायचं म्हणून नाही. इथलं राज्यच घरात शिरलेलं होतं. १९३७ च्या घटनेत बाईची जागा घरात असल्याचं कलम आहे, आणि ते बदलण्याचा प्रस्ताव २०२४ च्या सार्वमतात पडला. सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की १९७३ पर्यंत नोकरी सोडावी लागे. एडना ओ'ब्रायन यांच्या 'द कंट्री गर्ल्स' या कादंबरीवर १९६० मध्ये बंदी आली, त्यात बंदूक नव्हती, दोन मुली होत्या. आईकडच्या प्रतीत आक्षेपार्ह शब्द शाईने खोडलेले सापडले, असं त्यांनीच सांगितलंय. तुझा मार्गदर्शक 'यात राजकारण कुठे आहे' असं विचारेल तेव्हा ही खोडलेली पानं त्याच्यापुढे ठेव.

उत्तर आयर्लंडबद्दल अ‍ॅना बर्न्सची 'मिल्कमन' वाच, २०१८ चं बुकर मिळालेली. कुणालाही नाव नाही, गावालाही नाही, कारण तिथं नावावरूनच माणूस कुठल्या बाजूचा ते ठरतं. वाचून झाल्यावर बेलफास्ट बघायची इच्छा होईल, म्हणून आताच सांगते: आयर्लंडच्या विद्यार्थी व्हिसावर आपल्याला उत्तर आयर्लंडमध्ये जाता येत नाही, ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. हद्दीवर कुणी अडवत नाही, बसमध्ये बसून किलोमीटरच्या पाट्या जाऊन मैलांच्या आल्या की कळतं हद्द ओलांडली. बरोबरची आयरिश मुलं सहज 'चल' म्हणतील. व्हिसा हातात असल्याशिवाय जाऊ नकोस.

आणि एक विषय मीच सुचवते, तुझ्याच गावाचा. मार्गारेट कझिन्स, रॉसकॉमन काउंटीतल्या बॉइल गावची. मतदानाच्या हक्कासाठी लढली, आयर्लंडमध्ये तुरुंगात गेली, १९१५ मध्ये भारतात आली आणि पुढे वेल्लोरच्याही तुरुंगात गेली. अखिल भारतीय महिला परिषद उभी करण्यात तिचा मोठा हात, आणि त्या परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलं. नवऱ्याबरोबर लिहिलेलं तिचं आत्मचरित्र १९५० चं आहे. पुण्यातलं जे काही कागदपत्र जुन्या ग्रंथालयांतून मिळेल ते निघण्याआधी शोध, डब्लिनमध्ये बसून ते करता येणार नाही.

ओ'ब्रायनबाई २०२४ मध्ये गेल्या. त्यांना माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, लॉक डर्ग सरोवरातल्या इनिश कॅल्ट्रा बेटावर पुरलंय. माउंटशॅननच्या धक्क्यावरून होडी जाते, हवा बरी असेल तरच. सप्टेंबर संपायच्या आत एखाद्या शनिवारी ये. डब्लिनहून लिमरिकपर्यंत बसने ये, तिथून मी गाडीने घ्यायला येते.