रेस्क्यू केलेला १० महिन्यांचा कुत्रा तात्पुरता सांभाळायला आणलाय. दुसरा कुत्रा दिसला की भुंकत अंगावर जातो. हा शांत कधी होईल?

तुम्ही दोनच गोष्टी विचारल्या आहेत: तीन आठवडे झाले, हा शांत कधी होईल, आणि दुसऱ्या कुत्र्यांशी त्याची ओळख करून द्यावी का. पण शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिलंय, 'सगळे म्हणतात, गुरगुरला की लीशला एक झटका द्या, सुधारेल.' त्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले. झटका देऊ नका. दुसरं कुणी द्यायला लागलं तर लीश, म्हणजे पट्ट्याला लावलेली दोरी, त्यांच्या हातातून काढून घ्या, मग ती व्यक्ती वयाने कितीही मोठी असो. मी काढून घेतली नव्हती.

बंड्या माझ्याकडे आला तेव्हा साधारण ९ महिन्यांचा असेल. आखूड साखळीला बांधलेला सापडला होता, मानेभोवतीचे केस गेलेले. कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचं, एवढं माझं काम. पहिले पाच दिवस तो दिवाणामागच्या फटीत बसून राहिला. हाक मारली की फक्त डोळे फिरायचे. खायचा ते मी झोपल्यावर. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते, किती शांत कुत्रा आहे म्हणून. तो भीतीने गोठला होता आणि मला ते ओळखता आलं नाही. शांत कुत्रा आडवा पडतो, कूस बदलतो, मध्येच उठून पाणी पितो, आळोखेपिळोखे देतो. गोठलेला कुत्रा सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी सापडतो.

दुसऱ्या आठवड्यात तो मोकळा व्हायला लागला आणि तसा भुंकायलाही लागला. जिन्यात पाऊल वाजलं की भुंकायचा, खिडकीखालून कुत्रा गेला की भुंकायचा, रस्त्यावर तर मागच्या दोन पायांवर उभा राहून. बघणाऱ्याला वाटतं कुत्रा बिघडला. माझं मत असं की तोवर त्याला तोंड उघडायचा धीरच नव्हता, तो आता आला होता.

त्याच सुमारास माझी पाठ धरली आणि थोरला भाऊ मदतीला आठ दिवस राहायला आला. लहानपणापासून घरातले कुत्रे दादाच बघायचा, त्यामुळे कुत्र्यांतलं त्याला कळतं हे आमच्याकडे ठरलेलंच. फिरवून आणायचं काम त्याने घेतलं. बंड्या गुरगुरला की लीशला झटका आणि 'चूप!' दर वेळी, न चुकता. चौथ्या दिवशी गुरगुरणं थांबलं. समोरून कुत्रा गेला तरी बंड्या मान खाली घालून दादाच्या पायाशी. 'बघ,' दादा म्हणाला, 'मालक कोण ते एकदा कळलं की झालं. तू नुसती लाडावून ठेवतेस.' मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. किती दिवसांनी रात्रभर सलग झोप लागली होती.

सहाव्या दिवशी दुपारी बंड्या टेबलाखाली दोरीचं खेळणं चघळत पडला होता. दादाचा चष्मा टेबलावरून खाली पडला. तो उचलायला दादा वाकला, हात टेबलाखाली गेला आणि बंड्याने त्याचं मनगट धरलं. दोन दात खोल रुतले होते. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली, तिथून थेट डॉक्टर आणि रेबीजची लस. तुमच्यावर अशी वेळ आली तर हा क्रम बदलू नका, आणि कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून डॉक्टरांकडे जाणं टाळू नका. दवाखान्यातून येताना दादाचं एकच चाललं होतं. 'आवाज नाही, काही नाही, एकदम चावला. असला कुत्रा घरात ठेवायचा नसतो. उद्याच्या उद्या परत पाठव.'

मी घरी नसताना बंड्या काय करतो ते पाहायला जुना फोन कपाटावर लावून ठेवत होते. त्या दुपारी तो चालूच राहिला होता. चष्मा पडल्यापासून चावा घेईपर्यंत ११ सेकंद. त्या रात्री मी ते वीस-पंचवीस वेळा पाहिले असतील. दुसऱ्या सेकंदाला बंड्या चघळायचा थांबतो आणि तोंड मिटतो. चौथ्या सेकंदाला मान पलीकडे वळवतो, पण डोळा हातावरच, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. सातव्याला जीभ एकदा नाकावरून फिरते. मग ओठाचा कोपरा उचलला जातो, दात दिसेल न दिसेल इतकाच, आणि लगेच खाली येतो. तिथे गुरगुर यायला हवी होती. तोंडाशी आलेली ती गुरगुर त्याने गिळलेली मला स्पष्ट दिसते, कारण गुरगुरलं की मान आवळली जाते हे चार दिवसांत त्याला पक्कं शिकवलेलं होतं. भीती होती तेवढीच राहिली, ती सांगायची सोय आपण काढून घेतली. दादा आजही सगळ्यांना सांगतो की तो एकदम चावला. चावण्याआधी तो चार वेळा सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला परत पाठवलं नाही, पशुवैद्यांकडे नेलं. उजव्या कानात आतपर्यंत सूज. पट्ट्याचा प्रत्येक झटका त्या दुखऱ्या कानाखालीच बसत होता. ही तपासणी मी पहिल्याच आठवड्यात करायला हवी होती. तो दोष दादाचा नाही, माझा. तुम्ही अजून कान, दात, सांधे तपासून घेतले नसतील तर आधी डॉक्टरांची वेळ घ्या आणि मग पुढचं वाचा. अंगात दुखणं असलेल्या कुत्र्याला कितीही शिकवा, तो अस्वस्थच राहणार.

'मालक कोण' हे कुठून आलं तेही सांगते. १९४७ मध्ये प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. आवारात कोंडलेले लांडगे आणि वरच्या जागेसाठी चाललेली त्यांची भांडणं. त्यातून कळपाचा म्होरक्या, त्याची हुकमत, हे सगळं रुजलं आणि लोकांनी ते उचलून कुत्र्यांना चिकटवलं. डेव्हिड मेक हे लांडग्यांचे मोठे अभ्यासक, त्यांनीही आधी हीच भाषा वापरली होती. १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पिल्लं. आईबाप पुढे असतात ते आईबाप म्हणून, कुणाला हरवून नव्हे. दादाला मी हे दोनदा समजावलं. तो म्हणतो, पुस्तकातल्या गोष्टी.

आणि वय लक्षात घ्या. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी वयात येणाऱ्या कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीच कुत्री ५ महिन्यांची आणि ८ महिन्यांची असताना त्यांना बसायला सांगून पाहिलं होतं. ८ महिन्यांची झाल्यावर ती सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकत होती, परक्याचं मात्र ऐकत होती. 'माझं बरोबर ऐकतो, तुझंच कसं ऐकत नाही?' हे दादाचं वाक्य माझ्या मनाला किती दिवस लागून राहिलं होतं, ते हे वाचलं तेव्हा सुटलं. तुमचा कुत्रा दहा महिन्यांचा आहे, तोही याच वयातून जातोय. तुम्ही काही चुकताय म्हणूनच असं होतंय, असं समजू नका.

पुढे आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. पट्ट्याला लीश लावणं बंद, छातीवरून जाणारा हार्नेस. दहा दिवस फिरणं म्हणून नाहीच, फक्त शी-शूसाठी सामसूम वेळ बघून खाली आणि परत. बाकी वेळ घरात हुंगायचं काम: जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवायचा, पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगाळलेले कागद आणि त्यांत त्याच्या खाण्याचे दाणे टाकायचे. आणि भरपूर झोप. ताण एकावर एक साचत जातो हे लोक धरतच नाहीत. सकाळी मोठा आवाज झाला, दुपारी पाहुणे आले, आणि संध्याकाळी दिसलेल्या कुत्र्यावर तो फुटतो. आपण म्हणतो, काल तर याच कुत्र्याला काही केलं नव्हतं.

मग अंतर. बंड्याचं अंतर होतं विजेचे तीन खांब. तिसऱ्या खांबापाशी कुत्रा असला तर तो बघायचा आणि खायचा. दुसऱ्या खांबापाशी आला की तोंड मिटायचं, भार पुढच्या पायांवर जायचा आणि नाकाला लावलेला उकडलेल्या चिकनचा तुकडा तसाच खाली पडायचा. खाऊ घेईना की समजायचं, आपण फार जवळ आलो. तिथून नुसतं वळायचं. 'बस, बस' करत उभं राहायचं नाही. क्रमही पाळा: कुत्रा आधी दिसला पाहिजे, खाऊ नंतर. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट, खुणेचा आवाज ऐकूनच लाळ गाळणाऱ्या, सगळ्यांना माहीत असते, पण त्यात खुणेचा आवाज आधी होता आणि खाणं मागून, हे विसरलं जातं. उलटं केलंत तर खिशात हात गेला की तो घाबरून कुत्रा कुठे आहे ते शोधायला लागेल.

यावर दादा म्हणायचा, भुंकतो म्हणून खाऊ देतेस, अजून भुंकेल. भीती ही काही त्याला शिकवलेली करामत नाही, की बक्षीस मिळालं म्हणून पुन्हा करून दाखवेल. घाबरलेल्या लेकराला जवळ घेतल्याने ते जास्त घाबरत नाही, हे दादाला स्वतःच्या मुलांच्या बाबतीत बरोबर कळत होतं.

सातव्या आठवड्यात दारावर कुणीतरी आलं. बंड्या माझ्या मागे उभा होता. घशातून बारीक आवाज आला, मोटार लांबून सुरू व्हावी तसा. गुरगुर. मी दार तिथेच लोटलं, खाली बसले आणि मला रडू आलं. मी त्याला आतल्या खोलीत नेलं, मूठभर खाऊ जमिनीवर पसरला, मग दार उघडलं. त्याने सांगितलं आणि कुणीतरी ऐकलं, असं त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच झालं असेल.

आता तुमचे प्रश्न. कधी शांत होईल याची तारीख मी देणार नाही. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब बरेच जण सांगतात, तो ढोबळ आहे. बंड्या पाय ताणून कुशीवर निर्धास्त झोपायला लागला आठव्या आठवड्यात. दुसऱ्या खांबापर्यंत यायला चार महिने लागले. पहिल्या खांबापर्यंत माझ्याकडे असेपर्यंत आलाच नाही.

ओळख करून द्यायची तर नाकाला नाक, ताणलेल्या लीशवर, कधीच नको. जग ओळखीचं करून घ्यायचं पिल्लाचं वय तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंतचं असतं. ते गेलं, आणि दहाव्या महिन्यात कुत्र्यांच्या घोळक्यात सोडून ते भरून निघत नाही. ओळखीचा एखादा वयस्कर, निवांत कुत्रा मिळाला तर त्याला रस्त्याच्या पलीकडून आणि तुमच्याला अलीकडून, एकाच दिशेने चालवा. नजरानजर नको, हुंगणं चालू द्या. असं बऱ्याचदा करा. पुढचं तुम्हाला त्यांच्या अंगाकडे बघून कळेल. काही कुत्र्यांना दुसरी कुत्री आयुष्यभर आवडत नाहीत, आणि तशीही ती सुखात राहतात.

एक आधीच लिहायला हवं होतं. घरात लहान मूल असेल, किंवा तो आधी कुणाला चावला असेल, तर माझ्या उत्तरावर विसंबू नका. कुत्र्यांच्या वागणुकीचं काम करणारे पशुवैद्य गाठा, आणि त्यांनी औषध सुचवलं तर नाही म्हणू नका. जाळीच्या मझलची, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडावर लावायच्या जाळीची, सवय आत्ताच लावा, त्यात खाऊ घालून, हळूहळू, गरज पडायच्या आधी. मझल असलं तर तुमचा हात सैल राहतो, आणि लीश सैल राहिली की तोही थोडा सैलावतो. आणि झेपत नसेल तर जिथून आणलात त्यांना तसं सांगा. तात्पुरतं सांभाळणाऱ्याने हात टेकले म्हणजे त्याने दगा दिला, असं मी मानत नाही.

बंड्याला साडेपाच महिन्यांनी घर मिळालं. दोघंच माणसं, दुसरा प्राणी नाही. मी त्यांना त्याचं खेळणं, हार्नेस आणि तो ११ सेकंदांचा व्हिडिओ दिला, काहीही न लपवता. त्यांनी तो तिथेच माझ्यासमोर तीनदा पाहिला, आणि बाईंनी विचारलं, 'चघळायचा थांबला की आम्ही हात मागे घ्यायचा, असंच ना?'

तोच व्हिडिओ दादालाही पाठवलाय. त्याने अजून उघडलेला नाही. दादा, हे वाचत असशील तर चौथ्या सेकंदाला थांबव आणि त्याच्या डोळ्याकडे बघ.