व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांचं करिअर शाळेचं वातावरण ठरवतं की घरची परिस्थिती?

मुलासाठी संस्था बघताय आणि वातावरणाला किती महत्त्व द्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी कार्यशाळेत टर्निंग, म्हणजे लेथ मशीनवर धातू फिरवत कापून गोल भाग बनवणं, शिकवतो, तेव्हा माझं मत लेथजवळून आलेलं आहे असं समजा. माझ्या मते, भरपूर द्या. फक्त वातावरण म्हणजे रंगवलेली इमारत किंवा वर्षातून एकदा होणारं करिअर मार्गदर्शनाचं भाषण नव्हे.

एका मशीनभोवती दहा जण असले की दोघं-तिघं काम करतात, बाकीचे प्रात्यक्षिकाची वही भरतात. (वह्या मात्र देखण्या असतात.) असा मुलगा पास होतो, पण 'हे मला जमतं' असं त्याला कधी वाटलेलंच नसतं. मग समोर येईल ती नोकरी तो धरतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरांनी १९७७ मध्ये आत्मविश्वास कुठून येतो हे मांडलं. दुसऱ्याचं पाहून येतो, कुणी धीर दिल्याने येतो, त्या वेळच्या मनःस्थितीवरही ठरतो. पण सगळ्यांत पक्का येतो तो स्वतः करून जमल्यावर. १९९४ मध्ये लेंट, ब्राउन आणि हॅकेट या संशोधकांनी हाच विचार करिअरच्या निवडीला लावला.

आता जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा धातूचा तुकडा, बिघडतो तेव्हा काय होतं ते बघा. व्यास २५.२ मिमी आहे, २५ हवाय. मुलगा ०.२ मिमी खोलीचा कट देतो आणि माप येतं २४.८, कारण गोल जॉबवर दिलेल्या कटाच्या दुप्पट व्यास कमी होतो. जॉब गेला. एक शिक्षक म्हणतो, "जमत नसेल तर बाजूला हो." दुसरा मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचं साधन) त्याच्याच हातात देतो, "कट किती दिला होतास?" विचारतो आणि नवा तुकडा चकमध्ये (लेथच्या जॉब पकडणाऱ्या भागात) बांधायला लावतो. पहिल्याच्या हाताखालची मुलं हा ट्रेड (व्यवसायाचा अभ्यासक्रम) सोडताना मी पाहिली आहेत, आणि त्यातली काही चांगल्या हाताची होती.

मुलींचं आणखी वेगळं. संशोधक लिंडा गॉटफ्रेडसन यांच्या १९८१ च्या मांडणीनुसार मुलं ६ ते ८ वर्षांच्या सुमारास 'हे बायकांचं, ते पुरुषांचं' म्हणून आणि ९ ते १३ च्या दरम्यान प्रतिष्ठेवरून कामं मनातून बाद करून टाकतात. म्हणजे आमच्याकडे येईपर्यंत बरीच दारं बंद झालेली असतात. वेल्डिंग शिकवणारी बाई रोज समोर दिसली तर त्यातलं एखादं पुन्हा उघडतं. उलट, शाळेतलेच लोक आपल्या वर्गाला 'कमी मार्कांची तुकडी' म्हणतात हे कानावर पडलं, की मुलांना तो ट्रेडच कमी दर्जाचा वाटू लागतो.

घरी लगेच पैसा हवा असेल तर शाळेचं फारसं चालत नाही, हे खरंच. ते सोडून बोलायचं तर संस्था बघायला प्रात्यक्षिकाच्या तासाला जा. एका मशीनवर किती मुलं आहेत ते मोजा आणि भंगाराच्या पेटीत डोकवा. तिथे मुलांचे फसलेले जॉब भरपूर असतील तर चांगलं. पेटी रिकामी आणि मशीन चकचकीत असेल तर दुसरी संस्था बघा.