आईबाबा तणावात असले की दोन वर्षांचं मूल जास्त किरकिर का करतं?

कारण स्वतःला शांत करणं त्याला अजून नीट जमत नाही. तो शांतपणा ते आपल्याकडून उसना घेतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगात बाळाशी खेळणारी आई मध्येच काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून तिला बोलावतं, मग तोंड फिरवतं. आई पुन्हा हसली तरी कुरकुर लगेच थांबत नाही.

आमच्याकडे ऑफिसचा फोन ठेवून मी धुसफुसत भरवायला बसलो की पहिल्याच घासाला वाटी उडते. तोच वरणभात आजीकडून गुपचूप खाल्ला जातो!

सतत हसरं राहायची गरज नाही. ओरडलात तर नंतर जवळ घेऊन ‘बाबा चिडला होता, चुकलं’ म्हणा. मात्र आईची उदासी दोन आठवडे हटत नसेल, तर आधी तिला डॉक्टरकडे न्या. मुलाच्या हट्टाचं नंतर बघू.