गिअरबॉक्स बोटभर बाहेरच का अडतो?

प्रश्न : गाडी छोटी, जुनी, पेट्रोलची, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, क्लच केबलचा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग घरीच बदललं. आता गिअरबॉक्स इंजिनाला भिडत नाही, चहूबाजूंनी 10-12 मिमी फट राहते. लांब बोल्ट लावून ओढून घेतला तर चालेल का? – एक वाचक, धायरी

उत्तर : मुळीच नको. बेल हाउसिंग, म्हणजे क्लचला झाकणारं गिअरबॉक्सचं पुढचं आवरण, अॅल्युमिनियमचं असतं, बोल्टच्या जोरावर ओढलंत तर त्याचा कान तुटतो. तो वाचला तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. मग गाडी जोडली जाते खरी, पण पेडल तळाला टेकवूनही क्लच सुटत नाही, रिव्हर्स करकरत पडतो आणि सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं.

फट चार ठिकाणी पट्टीने मोजा. वर जास्त आणि खाली कमी असेल तर दोष कोनाचा. गिअरबॉक्सचं माउंटिंग काढल्यावर इंजिन त्या बाजूला लवतं. चंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या डब्याखाली) लाकडी फळी ठेवून जॅकने ते वरखाली करा आणि दोन्ही तोंडं समांतर आणा.

तुमची फट सगळीकडे सारखी आहे, म्हणजे गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लच प्लेटमधून आत जाणारा दांडा) आत कुठेतरी अडतोय. शाफ्टवरच्या खाचा प्लेटच्या मधल्या भोकातल्या खाचांसमोर येत नसतील तर गिअरबॉक्स चौथ्या गिअरमध्ये टाका, स्पार्क प्लग काढा आणि एकाने गिअरबॉक्स सरळ रेटत असताना दुसऱ्याने क्रँक पुलीचा बोल्ट सॉकेटने हळूहळू फिरवायचा, तोही आवळण्याच्या दिशेनेच. एक्सलच्या भोकातून फिरवून उपयोग नाही. डिफरन्शिअलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) पलीकडची बाजू उलटी फिरते आणि शाफ्ट जागचा हलत नाही.

तेवढ्यावर बसला नाही तर प्लेट मधोमध नाही, असं धरून चाला. एखाद्या सेंटिमीटरवर अडण्याचं हेच नेहमीचं कारण. खाचा एकमेकींत शिरतात, पण फ्लायव्हीलच्या (इंजिनाला जोडलेल्या जड चाकाच्या) मध्यात पायलट बेअरिंग, म्हणजे शाफ्टच्या टोकाला आधार देणारं छोटं बेअरिंग, असेल तर शाफ्टचं टोक त्याच्या कडेवर आपटतं. गिअरबॉक्स मागे घ्या आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट प्लेट हाताने जेमतेम सरकेल इतकेच सैल करा. प्लेट मधोमध धरणारा क्लच अलाइनर पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा. नाहीतर लाकडी दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळून टोकाकडची जाडी पायलट बेअरिंगच्या मापाची आणि मागची प्लेटच्या खाचांच्या मापाची करा. दांडा आत ठेवूनच समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. 8 मिमीच्या बोल्टला साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या.

गिअरबॉक्स खाली आहे तोवर नवी प्लेट काढून नुसती इनपुट शाफ्टवर सरकवून पाहा. ती हलक्या हाताने पूर्ण आत गेली पाहिजे. नाही गेली तर दुकानदाराने दुसऱ्या मॉडेलची दिली आहे. स्प्रिंगांचा फुगवटा बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे येतो. उलट बसली तर तो फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो.

इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं नेमकी जुळवणाऱ्या दोन पोकळ पिना, म्हणजे डॉवेल, जागेवर आहेत ना? गंज तारेच्या ब्रशने काढून तेलाचा थेंब लावा. डॉवेलशिवाय मात्र जोडू नका. बोल्टांची भोकं ढिली असतात, शाफ्टचा मध्य डॉवेलच ठरवतात. ते नसले की महिन्या-दोन महिन्यांत आवाज सुरू होतो. अर्थिंगची वायर किंवा मधला पातळ पत्रा तोंडात अडकलाय का, रिलीज बेअरिंग त्याला ढकलणाऱ्या फोर्कवरून निसटलंय का, तेही बघून घ्या.

सगळं जुळलं की गिअरबॉक्स हाताच्या रेट्यानेच शेवटच्या 2-3 मिमीपर्यंत जातो. ती डॉवेलची पकड. तिथून पुढे बोल्ट, समोरासमोरचे, थोडे थोडे.

प्रश्न : क्लच नवा, पण पहिल्या गिअरमध्ये गाडी सुटताना थरथरते. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : बहुधा ग्रीस जास्त झालं. शाफ्टच्या खाचांवर बोटाने पुसून उरेल एवढाच थर हवा. जादा ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर (प्लेटच्या घर्षणाच्या थरावर) बसतं. अशी प्लेट धुऊन सुधारत नाही, बदलावी लागते. पण गिअरबॉक्स उतरवण्याआधी इंजिन माउंटिंगचे बोल्ट तपासा. क्लचच्या कामात ते काढलेले असतात आणि एखादा ढिला राहिला तरी अशीच थरथर होते.