रिकाम्या क्रेटचं वजन

प्रश्न : साहेब, सलाम. पिंपळगाव बसवंतजवळ एका द्राक्ष व्यापाऱ्याकडे मी काट्यावर लिहायला आहे. माल क्रेटसकट मोजतात आणि क्रेटचं वजन मी वजा करतो. रिकामं क्रेट दीड किलो भरतं, शेठ दोन लिहायला सांगतात. दिवसाला तीनशे क्रेट होतात. माल वेलीवरून उतरलेला असतो, त्यामुळे शेतकरी काही बोलत नाही. सीझन संपला की शेठ मला पाच हजार वेगळे देतात. रविवारी मी चर्चमध्ये, आमच्या मंडळीत, गायनाला उभा असतो. पाळकसाहेब सांगतात, आपण विश्वासाने नीतिमान ठरलो आहोत. मग मला झोप का लागत नाही? आणि नोकरी गेली तर आई-बहिणीला काय खाऊ घालू?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : सलाम. तुला अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. माझी सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली, म्हणून तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी हिशेब करू. क्रेटमागे अर्धा किलो, म्हणजे दिवसाला दीडशे किलो. चाळीसचा भाव धरला तर सहा हजार रुपये. ज्याने ऑक्टोबरात छाटणी केली, अवकाळीत रात्र रात्र बागेत काढली, त्याच्या घरातले हे पैसे आहेत. झोप लागत नाही ती याचमुळे, आणि ती लागत नाही याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

आता पाळकसाहेबांचं म्हणणं. ते खरंच आहे. नीतिमत्त्व आपण कमवत नाही, ते ख्रिस्तात मिळतं. पण आमच्या खात्यातली एक गोष्ट सांगतो. प्रमाण वजन दुकानदार स्वतः घडवत नाही, ते बाहेरून येतं. त्याने आपला काटा त्याच्याशी जुळवून घ्यायचा असतो. आणि एकदा जुळला म्हणून काम संपत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करावी लागते, कारण कोणी लबाडी केली नाही तरी धूळ, ओल, आदळआपट यांनी तो सरकतो. माणसाचंही तसंच होतं. म्हणून बायबलात प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सांगतो, नीतिमत्त्वाच्या पाठीस लाग. तिथलं ग्रीक क्रियापद शिकार करावी तसा पाठलाग करण्याचं आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल आपण पूर्वी केलेल्या मंडळीच्या छळाबद्दल तेच क्रियापद वापरतो आणि थोडं पुढे, आता मी ख्रिस्तामागे धावतो, हे सांगतानाही तेच. ज्या जोराने तो विश्वासणाऱ्यांच्या मागे लागला होता, त्याच जोराने.

बायबलातलं लेवीय १९:३६ काढून बघ. तराजू, वजनं, धान्याचं माप, पातळ पदार्थाचं माप या चारही गोष्टींना मूळ हिब्रूत एकच शब्द जोडलेला आहे, ‘त्सेदेक’, म्हणजे नीतिमत्त्व. मराठीत वाचताना हे पटकन लक्षात येत नाही. मला समजलं तेव्हा मी सरकारी जीपमध्ये बसलो होतो आणि मांडीवर जप्त केलेल्या वजनांची पिशवी होती.

तुला माझीही एक चूक सांगतो. लोखंडी वजन उलटं केलं की तळाशी शिशाने भरलेली खाच असते, त्या शिशावर आम्ही शिक्का मारतो. एका दुकानात अर्ध्या किलोचं वजन उलटलं तर खाच पोकळ. शिसं कोरून काढलेलं, आत नखाच्या ओरखड्यासारख्या रेघा. दुकानदार आमच्याच मंडळीतला होता. मी त्याला म्हटलं, “उद्या बदलून घ्या,” आणि केस केली नाही, कारण रविवारी त्याच्या शेजारच्या बाकावर बसायचं होतं. महिन्याने परत गेलो तेव्हा एक म्हातारी तूरडाळ घेत होती आणि तागडीत तेच वजन होतं. त्या दिवशी जप्ती केली. पण मधल्या महिनाभरात जेवढी डाळ कमी गेली, ती माझ्याही नावावर आहे. कोणाला किती कमी गेली ते मला कधीच कळणार नाही, म्हणून मला ती परत करता आली नाही.

तुझं तसं नाही. तुझ्याकडे वही आहे, वहीत नावं आहेत. येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने, ज्याला फसवलं त्याला चौपट परत देईन म्हटलं. तू निदान ते पाच हजार घरात ठेवू नकोस.

मी नाशिकला शरणपूर रोडला राहतो. मिशनने वसवलेल्या शरणपुरात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत एका खेड्यात वारला, तेव्हा त्याच्या सामानाची यादी या जेकबने केली. मालक मेलेला, जाब विचारायला तो उरला नव्हता, तरी जेकबने एकेक वस्तू लिहून काढली. तोही लिहिणाराच होता, म्हणून तुला सांगितलं.

सोमवारी पहिली गाडी लागायच्या आधी रिकामं क्रेट काट्यावर ठेव, शेतकऱ्यासमोर आकडा मोठ्याने वाच आणि तोच लिही. त्याआधी शेठला एकट्याला गाठून सांग, “यापुढे माझ्या हातून दोन लिहिलं जाणार नाही.” आवाज चढवू नकोस. काही शेठ ऐकतात, मी पाहिलेत. नाही ऐकलं तर ती जागा सोडावी लागेल. तुला खोटा धीर देणार नाही. तक्रार करायची असेल तर जिल्ह्याच्या वैधमापन, म्हणजे वजनमापांच्या, कार्यालयात अर्ज देता येतो, तो मी लिहून देईन.

आई-बहिणीचं ओझं एकट्या तुझ्यावर टाकून तुला उपदेश करणं मला जमणार नाही. पुढच्या रविवारी उपासनेनंतर माझ्याकडे ये, जेवायलाच ये. हिशेबाची माणसं लागतात अशा दोन-तीन जागा माझ्या माहितीत आहेत, तोवर मी विचारून ठेवतो. येताना वही आण.